डंख मारणाऱ्यांची बाजू

आमच्या चिरनेरचे नाव कोठेही निघाले की त्यापाठोपाठ १९३० साल निघते. त्या वर्षीच्या २५ सप्टेंबरला अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मे झाले. नाग्या महादू कातकरी हे त्यांतले नाव आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असते. गाव आज उरण तालुक्यात मोडते. पण बाजारहाट, कोर्टकचेरी आणि कॉलेज यांसाठी आमच्या पिढ्यांची पावले पनवेलकडेच वळत आली. तेव्हा या सत्याग्रहावर आपल्या वार्षिकांकात पूर्वी कोणी लिहिले असेल, पुढेही लिहील. मी आज त्याचा उल्लेख करते तो एका वेगळ्याच कारणासाठी.

ती माणसे सरकारचा कायदा मोडायला रानात गेली, कारण रान आपले आहे असे त्यांना मनापासून वाटत होते. आणि तसे वाटत होते, कारण ते रान त्यांना ठाऊक होते. कोणत्या झाडाचे लाकूड जळणाला, कोणते नांगराला, कोणता पाला गुरांना चालतो, कोणता कंद शिजवून खाता येतो, हे त्यांना पुस्तकाशिवाय माहीत होते. प्रत्येक गोष्टीला त्यांच्या तोंडी नाव होते. ज्याचे नाव आपल्याला येते त्याच्यासाठी माणूस उभा राहतो. ज्याचे नावच येत नाही ते गेले काय आणि राहिले काय, त्याला त्याचे सोयरसुतक नसते.

चिरनेरच्या एका अंगाला डोंगर आहे, तशी दुसऱ्या अंगाला खाडी आहे. एसटी खोपट्याच्या पुलावरून जाते तेव्हा खिडकीतून ती दिसते. पुढे उरण, मोरा, करंजा, आणि मग मोकळा समुद्र. डोंगराविषयी आम्ही भाषणे करतो. खाडीविषयी आणि किनाऱ्याविषयी आम्हाला काय ठाऊक आहे? बोंबील, कोळंबी, खेकडे, निवट्या, म्हणजे जे ताटात येते तेवढे. जे ताटात येत नाही ते सगळे आमच्या लेखी चिखल! माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे, की किनारा आपल्याला रिकामा वाटतो म्हणूनच तो बिनदिक्कत भरला जातो. आणि तो रिकामा वाटतो याला आपले अज्ञान कारणीभूत आहे. हे पटवण्यासाठी मी मुद्दाम असे प्राणी निवडले आहेत, की ज्यांच्याविषयी कोणालाही प्रेम वाटण्याचा संभव नाही. हे प्राणी म्हणजे डंख मारणारे जेलीफिश, त्यांचे सख्खे भाऊबंद समुद्रफूल आणि आपण ज्याला पोवळे म्हणतो तो प्रवाळ.

हे तिघे एका कुळातले आहेत. दहावीच्या विज्ञानात ‘सिलेंटेराटा’ या नावाखाली ते एका लहानशा परिच्छेदात भेटतात, परीक्षेत दोन गुणांपुरते आठवतात आणि नंतर कायमचे विसरले जातात. जुन्या मराठी ग्रंथांत यांना ‘आंतरगुही’ असे नाव आहे. शरीर म्हणजे एक पोकळ पिशवी. तिला तोंड एकच. अन्न आत जाते ते त्यातून आणि चोथा बाहेर येतो तोही त्यातूनच. मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही. तोंडाभोवती शुंडकांची झालर, आणि त्या शुंडकांवर हजारो दंशपेशी. ही पिशवी तोंड वर करून खडकाला चिकटून बसली की ती समुद्रफूल होते. उलटी होऊन छत्रीसारखी पाण्यात तरंगू लागली की जेलीफिश. आणि अगदी लहान होऊन, बूड चुन्याच्या वाटीत बसवून, शेजाऱ्याला शेजारी चिकटवून वसाहत करून राहिली की प्रवाळ. रूपे तीन, घडण एकच.

त्यांचा डंख हीदेखील पाहण्यासारखी वस्तू आहे. दंशपेशीच्या आत एक सूक्ष्म कुपी असते. तिच्यात एक पोकळ धागा गुंडाळून ठेवलेला असतो आणि आत विलक्षण दाब असतो. बाहेरच्या केसाला स्पर्श झाला की झाकण उघडते आणि तो धागा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात बाहेर पडून भक्ष्याच्या अंगात घुसतो. प्राणिसृष्टीतील सर्वांत वेगवान हालचालींत तिची गणना होते. यात राग नाही, वैर नाही, ठरवून केलेला हल्ला तर नाहीच. बहुतेक वेळा पेशी आपली आपणच सुटते. म्हणूनच वाळूत मरून पडलेल्या जेलीफिशचा तुटका धागाही पायाला चटका देऊ शकतो. विंचवावर रागवावे तसे यांच्यावर रागावता येत नाही.

आता आपले या कुळाशी काय नाते आहे ते पाहू. सर्वांत जुने नाते प्रवाळाशी. पोवळे हे नवरत्नांतले एक. मंगळाचे रत्न म्हणून त्याची अंगठी घालतात, काही घरांत ते मंगळसूत्रात ओवतात, वैद्य प्रवाळभस्म देतात, कवी ओठांना त्याची उपमा देतात. हे लाल पोवळे बहुतांशी भूमध्य समुद्रातून येत असे. हिंदुस्थानातील लोकांना पोवळ्याचे मोल रोमन लोकांना मोत्याचे असावे तसे वाटते, असे प्लिनी या रोमन ग्रंथकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवून ठेवले आहे. म्हणजे दोन हजार वर्षे आपण हा प्राणी अंगावर घालतो आहोत आणि पोटातही घेतो आहोत. पण हा प्राणी आहे, हे बोटात पोवळ्याची अंगठी घालणाऱ्या दहा जणांना विचारून पाहावे. खडा, झाड, समुद्रातले शेवाळ अशी उत्तरे मिळतील.

यात केवळ आपलाच दोष नाही. युरोपातल्या पंडितांचीही अठराव्या शतकापर्यंत हीच समजूत होती. पेसोनेल नावाच्या एका फ्रेंच वैद्याने १७२० च्या दशकात समुद्रकिनाऱ्यावर राहून जिवंत प्रवाळ पाण्यात ठेवून पाहिला. त्याची ‘फुले’ हात लावताच मिटतात, भक्ष्य पकडतात, म्हणून ती फुले नसून प्राणी आहेत असे त्याने पॅरिसच्या विद्वत्सभेला कळवले. तेथील थोर शास्त्रज्ञ रेओम्यूर याला हे इतके हास्यास्पद वाटले, की बिचाऱ्याची शोभा होऊ नये म्हणून त्याने लेखकाचे नाव न सांगताच तो विचार सभेपुढे ठेवला. पुढे १७४० च्या सुमारास ट्रेंबलीने गोड्या पाण्यातील जलव्यालाचे निरीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हा पंडितांचे डोळे उघडले आणि पेसोनेल खरा ठरला. या गोष्टीचे तात्पर्य मला फार मोलाचे वाटते. जो किनाऱ्यावर वाकून पाहत बसला होता त्याला जे दिसले, ते राजधानीत बसलेल्यांना दिसले नाही.

जेलीफिशशी आपले नाते भीतीचे. पावसाळ्यात वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहतो आणि त्याबरोबर मुंबईच्या जुहू, गिरगाव अशा चौपाट्यांवर निळ्या फुग्यासारखे प्राणी येऊन पडतात. यांना ‘ब्लू बॉटल’ म्हणतात. खरे पाहता हा जेलीफिशही नव्हे आणि एक प्राणीही नव्हे. तो अनेक जीवांनी मिळून केलेला संसार आहे. कोणी तरंगण्याचे काम करतो, कोणी डंखाचे, कोणी पचनाचे, कोणी प्रजननाचे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत अनेकांना त्यांचे डंख बसले. त्याआधी २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकट मासे आणि जेलीफिश यांच्या दंशाने कित्येक भाविक जखमी झाले होते. विसर्जन आमच्या उरणच्या किनाऱ्यावरही होते. गुडघाभर पाण्यात उतरणाऱ्यांत आपल्यापैकी अनेक जण असतात.

अशा वेळी काय करावे, हे किनाऱ्यालगतच्या कॉलेजातल्या मुलांना ठाऊक असू नये, याला काय म्हणावे? लोक वाळूने चोळतात, नळाचे पाणी ओततात, कोणी लघवीचा उपाय सांगतो. हे तिन्ही चुकीचे. चोळल्याने कातडीवर राहिलेल्या, अजून न सुटलेल्या दंशपेशी सुटतात. गोड्या पाण्यानेही तेच होते. समुद्राच्याच पाण्याने जागा धुवावी, चिकटलेले धागे चिमट्याने किंवा पुठ्ठ्याच्या कडेने अलगद काढावेत, नंतर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा. आणि श्वास लागला, छातीत दुखू लागले, उलट्या होऊ लागल्या, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. चार वाक्यांचे हे ज्ञान. पण विसर्जनाच्या मांडवात लावलेल्या डझनभर फलकांत मला ते एकदाही आढळले नाही.

भीतीपलीकडे गेलेल्यांना या प्राण्यांनी काय दिले तेही सांगितले पाहिजे. १९०१ साली शार्ल रिशे आणि पोर्तिये हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर याच निळ्या प्राण्याच्या विषाचा अभ्यास करीत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष घेऊन प्रयोग चालू ठेवले. ज्या कुत्र्याने पहिली मात्रा सहन केली, तोच काही आठवड्यांनी अगदी थोड्या मात्रेने मेला! शरीर एखाद्या पदार्थाला सरावण्याऐवजी त्याच्याविषयी अतिहळवे होऊ शकते, हा शोध त्यातून लागला. आज पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने किंवा मधमाशीच्या दंशाने एखादा माणूस एकाएकी का कोसळतो, हे डॉक्टरांना त्यामुळे कळते. रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे उदाहरण त्याहून अलीकडचे. ओसामू शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञाने १९६२ साली एका जेलीफिशमधून हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केले. त्या प्रथिनाचा दिवा जिवंत पेशीत लावून आता संशोधक कर्करोगापासून मज्जातंतूंपर्यंत सर्व हालचाली डोळ्यांनी पाहतात. २००८ च्या नोबेलमध्ये शिमोमुरा यांचा वाटा होता. ज्याला आपण काठीने ढकलून पुढे जातो, त्याच्या अंगात काय दडलेले असते ते असे!

तिसऱ्या भावाची, म्हणजे समुद्रफुलाची, तर आपल्याला दखलच नाही. ओहोटीला उरणकडच्या खडकांतील डबक्यांत पाहावे. पाणी असेल तर फुललेले, पाणी ओसरले असेल तर मिटून शेंबडाच्या गोळ्यासारखे बसलेले. त्यावर पाय देऊन आपण पलीकडे जातो.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की हे सगळे ठीक आहे, पण यात मत कसले मांडलेस? ही तर प्राणिशास्त्राची टिपणे झाली. आता त्याकडेच येते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिली अनुसूची आहे. वाघ तिच्यात आहे. २००१ साली तिच्यात प्रवाळांचाही समावेश झाला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने खडकावरचा मूठभर प्रवाळ आणि वाघ यांना समान संरक्षण आहे. आपल्याकडे प्रवाळ आहेत कोठे, असे विचाराल तर मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती आहेत. तेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, पाण्याखाली, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘आंग्रिया बँक’ नावाचे मोठे प्रवाळक्षेत्र आहे. आणि खुद्द मुंबईत, सांडपाण्याने काळवंडलेल्या वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरही आहेत.

मुंबईच्या या प्रवाळांची कथा मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. सागरी किनारा रस्त्याची योजना झाली तेव्हा त्यांचा कोणाला पत्ता नव्हता. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने काही हौशी मंडळी ओहोटीला खडकांवर फिरून जे दिसेल त्याची छायाचित्रे आणि नोंदी करू लागली. त्या नोंदींमुळे प्रवाळ लोकांना दिसले. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या रस्त्याची किनारा नियमन मंजुरी रद्द केली, तेव्हा वन्यजीव कायद्याखालील परवानगीचा प्रश्नही निकालात आला. पुढे डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, काम सुरू झाले आणि रस्ताही झाला. परंतु २०२० मध्ये प्रवाळांच्या वसाहती रीतसर परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली, दुसऱ्या खडकांवर हलवाव्या लागल्या. हलवलेले प्रवाळ म्हणजे वाचलेले प्रवाळ, असे मी म्हणत नाही. पण निदान त्यांची विचारपूस तरी झाली. ती झाली, कारण कोणीतरी वाकून पाहिले होते आणि त्यांचे नाव लिहून ठेवले होते.

आता आमच्या बाजूला या. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले. त्यासाठी शेवा कोळीवाडा उठवला गेला. खाजणे भरली, खारफुटी गेली, खाडीच्या वाटा बुजल्या. मासेमारांनी हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेले. भरपाई माणसांची मोजता आली, कारण कुटुंबे मोजता येतात. त्या भरावाखाली किती प्रकारची समुद्रफुले, किती प्रकारचे कृमी, कालवे, खेकडे गेले, याची गावकऱ्यांच्या हातात एकही यादी नव्हती. जे लिहिलेले नाही त्याची भरपाई कोण देणार? जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून आमच्याकडे येणारा अटल सेतू खुला झाला. त्या वेळी शिवडीच्या चिखलातील रोहित पक्ष्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले. पण रोहित गुलाबी आहे, उंच आहे, त्याचे छायाचित्र सुरेख येते. चिखलात मिटून बसलेल्या गोळ्याचे छायाचित्र कोण छापणार? ज्या चिखलावर रोहित जगतो तो मात्र अशाच बिनचेहऱ्याच्या जीवांनी भरलेला असतो.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. आमच्याच गावांतल्या मुलांना बंदरामुळे, गोदामांमुळे काम मिळाले. ज्याच्या घरी चूल बंदराच्या पगारावर पेटते त्याला जेलीफिशचे कौतुक सांगणे बरे दिसत नाही. मासेमाराला तर जेलीफिश शत्रूच. जाळे त्यांनी भरले की मासळीही जाते आणि हातही सुजतात. हे मला मान्य आहे. जेलीफिश वाढावेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. उलट, ते का वाढतात हे कळायलाही त्यांचा अभ्यासच लागतो. जेलीफिशचे बालपण समुद्रफुलासारख्या बारीक रूपात, कठीण पृष्ठभागाला चिकटून जाते. धक्के, खांब, बंधारे यांनी त्यांना अशी हवी तेवढी जागा मिळते, असे संशोधकांचे मत आहे. त्यांचे अन्न खाणारे मासे आपण बेसुमार पकडतो. त्यांना खाणारी कासवे कमी झाली आहेत, आणि जी आहेत ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांना जेलीफिश समजून गिळतात. २०१३ साली स्वीडनमधल्या ऑस्कर्सहाम येथील अणुभट्टी जेलीफिशांनी पाण्याचे नळ तुंबवल्यामुळे बंद ठेवावी लागली होती. म्हणजे किनारा भरून टाकला की हे कुळ नाहीसे होते असे नाही. त्यातले नाजूक प्रवाळ जातात आणि डंख मारणारे उरतात. मासेमाराच्या हिताचे काय आहे, ते यावरूनच ठरवावे.

तेव्हा करायचे काय? शास्त्र शाखेने काय करावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे आणि हे काम निम्म्याहून अधिक आपल्याच शाखेचे आहे असे मला वाटते. करंजा, मोरा, हनुमान कोळीवाडा येथील जुन्या माणसांच्या तोंडी या जीवांची नावे असतील, म्हणी असतील, डंखावरचे उपाय असतील, कोणत्या वाऱ्याला काय किनाऱ्यावर येते याचे ठोकताळे असतील. ते ऐकून लिहून घेणे हे मराठी विभागाचे काम नव्हे काय? कोठे खाडी होती आणि कोठे भराव झाला याचा नकाशा काढणे हे भूगोलाचे, आणि कोणाच्या उपजीविकेचे काय झाले हे विचारणे अर्थशास्त्राचे व समाजशास्त्राचे काम नव्हे काय? दर वर्षी आपली राष्ट्रीय सेवा योजनेची तुकडी किनाऱ्यावर जाऊन प्लॅस्टिक गोळा करते. त्याच दिवशी ओहोटीच्या वेळी दोन तास खडकांवर फिरून, हात न लावता, काय काय दिसले याची नोंदवही ठेवली तर खर्च शून्य. पुढच्या वर्षीच्या तुकडीने तीच वही पुढे चालवावी. दहा वर्षांनी त्या वहीला पुराव्याची किंमत येईल.

प्राध्यापकांना विनंती एवढीच, की आपल्या ग्रंथालयात अशा वहीसाठी एक खण राखून ठेवावा. आणि मित्रहो, आपल्यासाठी म्हणाल तर गणेशविसर्जनाच्या आधी डंखावरच्या उपायाची ती चार वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहून किनाऱ्यावर लावू. तेवढ्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. फलकाच्या एका कोपऱ्यात त्या प्राण्याचे चित्र काढू आणि खाली त्याचे नाव लिहू, कोळीवाड्यात जे म्हणत असतील ते.